बाबांच्या भुवया

बरकतपुऱ्याजवळच्या एका शाळेत मी, ज्यांना वाचणं-लिहिणं जड जातं अशा मुलांना शिकवते. प्रत्येकासाठी वेगळी योजना आखायची हे माझं काम. "फार लाड करता तुम्ही," हे ऐकून घेणं हेही माझंच काम, आणि ते मला अजून शांतपणे जमलेलं नाही.

दहावीत एक मुलगी होती. घरचे मूळचे मराठवाड्यातले, वडील इथे बँकेत. मुलगी तल्लख. एकदा ऐकलेलं विसरायची नाही, पण छापील ओळी तिच्यासमोर एका जागी थांबायला तयार नसत. बोर्डाच्या परीक्षेत तिला प्रश्न वाचून दाखवणारं माणूस मिळू शकत होतं. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना मात्र ही सगळी थेरं वाटत. त्या म्हणाल्या, "आधी सराव परीक्षेत करून दाखवा. जमलं तर शिफारस करते, नाहीतर तिने यंदा बसूच नये."

वाचणारा त्या विषयाचा शिक्षक नको, असा नियम. ज्या बाई येणार होत्या, त्या ऐन वेळी तापाने आडव्या झाल्या. हाताशी उरले माझे वडील. ते कोर्टात पेशकार होते; जजसाहेबांपुढे कागद ठेवायचे, सांगतील ते मोठ्याने वाचायचे. आता नल्लकुंट्याच्या घरी ते पेपर तितक्याच मोठ्याने वाचतात आणि आईला समोरून उठू देत नाहीत.

मी बजावलं, "बाबा, फक्त वाचायचं. खूण केलीत तर पोरीचं वर्ष जाईल."

"मला शिकवतेस? भर कोर्टात कधी हूं की चूं केलं नाही मी."

तोंडाबद्दल ते खरं बोलले. भुवयांचं मी विचारलंच नव्हतं.

पेपर सामाजिक शास्त्रांचा, त्यात बरेच प्रश्न इतिहासाचे. बाबा इस्त्रीचा कोट घालून बसले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. कोर्टात नाव तीनदा पुकारतात, त्या सवयीने प्रत्येक प्रश्न तीनदा. तिसऱ्यांदाही पहिल्याइतकाच निवांत. जादा वेळ मिळालेला असला तरी माझा जीव वर-खाली होत होता. त्यात पर्याय वाचताना त्यांच्या मते बरोबर असलेला पर्याय आला, की दोन्ही भुवया थेट कपाळावर! आणि मुख्याध्यापिकाबाई समोरच खुर्ची टाकून बसलेल्या.

मी खोकले. पुन्हा जोरात खोकले. बाबा वाचणं थांबवून म्हणाले, "सकाळी काढा घे म्हटलं, तर ऐकलं नाहीस."

पेपर संपताच बाई उठल्या. "हे सरळसरळ खुणा करत होते. मी शिफारस करणार नाही."

बाबांचा इतका राग आला, की नातं नसतं तर तिथेच भांडले असते. तेवढ्यात मुलगी उभी राहिली.

"मॅडम, सरांच्या भुवयांचं ऐकले असते तर मी फेल होते ना. बघा तर खरं."

बाईंनी पेपर ओढून घेतला. बाबांच्या भुवया कुठे उडाल्या होत्या, ते त्यांना पक्कं आठवत होतं. तिथे तिथे मुलीने दुसऱ्याच पर्यायावर खूण केली होती आणि तिथे तिथे ती बरोबर होती. बाईंना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"म्हणजे? मला इतिहास येत नाही?" बाबा दुखावले.

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "ठीक आहे, करते शिफारस. पण बोर्डाला दुसरं कोणीतरी बघा."

"नक्को मॅडम, हेच सर पाहिजेत," मुलगी घाईने म्हणाली. "बाकीच्यांना परत वाचा म्हटलं की ते तोंड वाकडं करतात. मग मी समजलं म्हणते, समजलेलं नसलं तरी. हे सर न विचारताच परत वाचतात."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाबांना मात्र यात विशेष काय, तेच कळेना.

"तीनदा पुकारल्याशिवाय आमच्याकडे कोणालाच गैरहजर धरत नव्हते, बेटा," ते म्हणाले.

बाईंनी तिथेच सही केली. अट एकच घातली, बोर्डाला बाबांनी तिच्या मागे बसून वाचायचं.