अंगानं विसरलेलं ऊन

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. पण जे शिकले, ते नेमक्या वेळी माझ्या कामी आलं नाही.

माझे वडील, अप्पा, वाळूजला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. तिथली खोली इतकी गार, की भर मे महिन्यातही ते डब्याच्या पिशवीत स्वेटर न्यायचे. आम्हाला हसू यायचं. थोडा अभिमानही वाटायचा. जन्मभर उन्हात राबलेला माणूस चार वर्षांपूर्वी एकदाचा सावलीत आला होता.

गेल्या मे महिन्यात फुलंब्रीजवळच्या आमच्या गावी अद्रकीची लागवड होती. मजूर मिळेनात म्हणून काकांनी बोलावलं. अप्पांनी दोन दिवस सुट्टी टाकली, मीही गेले. कॉलेजात मॅडमनी शिकवलं होतं, की रोज थोडं थोडं ऊन सोसलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर ते शिकतं, आणि सावलीत राहिलं की काही आठवड्यांत विसरतंही. त्या उन्हाळ्यात कोकणातून आलेल्या मैत्रिणीला इथल्या उन्हाची सवय नाही म्हणून आम्ही फार जपत होतो. अप्पांचं मात्र माझ्या डोक्यात आलं ते थेट बसमध्ये.

"अप्पा, तुम्हाला आता उन्हाची सवय राहिली नाय," मी म्हणाले.

"माझा जल्म इथला. मला ऊन शिकवती का?" ते हसले.

बांधावर काकांनी चिडवलंच. "काय दादा, स्वेटर आणलं का नाय? गार लागंल!"

मग अप्पा हटायला तयार होईनात. बारा वाजता सगळे लिंबाखाली आले, तरी ते एकटे वाकून अद्रकीचं बेणं मांडतच होते. खिशात कांदा होता. कांदा असला की ऊन लागत नाही, असं गावात सगळेच मानतात.

दीडच्या सुमारास ते उठले आणि काकांना विचारू लागले, "कंपनीची बस गेली का?" काका आधी हसले. तेवढ्यात अप्पा खाली बसले आणि तिथंच आडवे झाले. अंग तव्यासारखं तापलेलं, हातपाय थरथरत होते. उचलून त्यांना लिंबाखाली आणलं.

"हुडहुडी भरली. थंडीताप हाय," काका म्हणाले आणि खाटेवरची गोधडी घेऊन आले.

पाण्याची टाकी शेजारीच होती, काठोकाठ भरलेली.

"काका, पाणी टाकू त्यांच्यावर. ऊन लागलंय."

"याडी का काय तू? तापल्या अंगावर गार पाणी? जिवानिशी जाईल माणूस!"

उन्हातून आलेल्याला आमच्याकडं लगेच तोंडही धुऊ देत नाहीत. ऊन लागलेल्याचं अंग आधी गार करायचं, हे मी कॉलेजात शिकले होते. पण मी ते एकदाच सांगितलं. मोठ्यांपुढं दुसऱ्यांदा बोलायची सवय नव्हती. आणि भीतीही वाटली, की माझंच चुकलं आणि पाण्यानं त्यांना काही झालं तर? गोधडीचं टोक त्यांच्या पायाखाली मीच खोचलं.

गाडी मिळून शहरातल्या दवाखान्यात पोचायला दीड तास गेला. तिथं आधी त्यांचे कपडे काढले आणि अंगभर बर्फाचं पाणी ओतलं. डॉक्टरांनी विचारलं, "पांघरूण कुणी घातलं होतं?"

"आम्ही," मी म्हणाले.

अप्पा वाचले. पण चालताना तोल जातो, बोलणं जड झालंय. दिवसभर गोळ्यांची पाकिटं भरणाऱ्या त्या हातांना आता चहाचा कपही नीट धरता येत नाही. नोकरी गेली. कांदा खिशातून पडला म्हणून हे झालं, असं गावात म्हणतात. अप्पाही तेच म्हणायचे.

सकाळी ऊन गल्लीत यायच्या आत मी त्यांना हाताला धरून चालवते. परवा ते मध्येच थांबले.

"तू तवा काकाला काय म्हणली व्हतीस?"

"पाणी टाकू म्हणले होते."

"मग?"

"एकदाच म्हणले. मग गोधडी मीच खोचली," मी म्हणाले.