चाक कुणी उतरवलं

आमच्या घरी उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी, असा सासूबाईंचा नियम होता. त्यांचे खापरपणजे कधी काळी फौजेबरोबर झाशीला आले. फौज परत गेली, हे लोक राहिले. नियम मात्र कुणी पाळत नव्हतं. भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं. यजमान रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. दिवसभर तिथे हिंदी, म्हणून घरीसुद्धा हातात हत्यार आलं की त्यांच्या तोंडून हिंदीच निघायची. मी झाशीकडच्याच गुरसराय गावची, चौथी पास. हिंदी मला सगळी यायची, पण घरात असले की माझे कान मराठीच ऐकायचे.

त्या वर्षी यजमानांचा उजवा हात गेला. गेला म्हणजे तुटला नाही, निकामी झाला. ओरछा गेटच्या वळणावर सायकल घसरली आणि मागून येणाऱ्या टांग्याचं चाक मनगटावरून गेलं. हाड बसलं, पण वाकडं बसलं. घास तोंडापर्यंत जायचा, सदऱ्याची बटणं लागायची. पाना धरला की मात्र बोटं आपोआप उघडायची. दुखायचं नाही. दुखत असतं तर बरं, पकड सुटतेय हे त्यांना कळलं तरी असतं.

फोरमन भला माणूस होता. हत्यारं देण्याघेण्याची एक खिडकी असते, तिथली जागा रिकामी होती. तो म्हणाला, खिडकीवर बसा, नाहीतर फिटरच्या बेंचवर परत या, पण बेंचवर आलात तर पुरं काम करावं लागेल. विचार करून सांगा. यजमानांना खिडकीचं नावसुद्धा सोसत नव्हतं. "बाया बसतात खिडकीत," म्हणायचे. मी म्हटलं, "बाया चुलीपाशी बसतात, खिडकीत बसायला वेळ कुणाला आहे?"

मोटार आली ती याच दिवसांत. समथरला यजमानांचे एक मामा होते, वैद्यकी करायचे. त्यांची जुनी विलायती मोटार, डबीएवढी, पण पितळेचे दिवे असलेली, गोठ्यात पडून होती. मागून तेल गळायचं, ते क्लचवर जायचं आणि चढ आला की गाडी जागेवरच गुरगुरत राहायची. मामा म्हणाले, चालू करशील तर तुझी. बैलगाडीला बांधून ती झाशीला आणली. गल्लीतली पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळे बघायला. शेजारची काकी, वयानं माझ्याएवढीच पण साऱ्या गल्लीची काकी, म्हणाली, "काए भौजी, बैल मोटर खों खेंच रए कै मोटर बैलन खों ठेल रई?" मी म्हटलं, "दोनों खों तुमाए भैया खेंच रए."

इंजिन काढून पडवीत आणलं. यजमानांनी एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "तेल मागच्या बाजूनं येतंय. मागे जायचं तर आधी हे चाक उतरवायला हवं." हे चाक म्हणजे फ्लायव्हील. परातीएवढं जाड लोखंड, कडेला दाते, मधोमध मोठा नट. ते इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसवलेलं असतं, आणि इतक्या वर्षांत ते टोक आणि चाक एक झालं होतं.

मग एका सकाळी चहा पिताना त्यांनी ते म्हटलं. सासूबाई तिथेच होत्या.

"हे चाक मी उतरवलं तर बेंचवर जाईन. नाही उतरलं तर खिडकी."

"उतरणारच," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पोराला चाक काय नवं आहे?"

मला बेंच काय, खिडकी काय, पगार घरी आला म्हणजे झालं. पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. कारखान्यातून परतताना त्यांच्या कपड्यांना तेलाचा वास यायचा, तो मला आवडायचा. हात मोडल्यापासून कपडे स्वच्छ राहायचे आणि माणूस चिडका झाला होता.

ते रविवार मला अजून आठवतात. बाकी पुष्कळ काही विसरले, पण पडवीतलं ऊन, रॉकेलचा वास, विटांवर उभं केलेलं इंजिन, आणि त्यावर आडवं बसलेलं ते चाक आठवतं. इंजिन नाकावर उभं केलं होतं, म्हणजे चाक वर आलं. यजमान डाव्या हातानं जमेल ते करायचे आणि जिथे दोन हात लागत तिथे मला हाक मारायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण इतका वेळ आम्ही एका जागी कधी बसलो नव्हतो. त्यांनी मला पाना कसा लावायचा, आटे कसे बघायचे ते शिकवलं. शिकवताना ओरडायचे, पण ते ओरडणं मला चाललं.

पहिल्या रविवारी नट सैल केला. पूर्ण काढला नाही, थोडे आटे तसेच ठेवले. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "चाक सुटतं तेव्हा उडतं. नट वर असला की अडतं. नाहीतर तुझे दात जातील."

"आणि तुमचे?"

"माझे दात आईनं आधीच पाडलेत, बोलून बोलून."

सासूबाई आतून म्हणाल्या, "ऐकू येतंय मला."

मग खेचणी लावली. तीन पायांची, त्यांनी कारखान्यातल्या एका लोहाराकडून घडवून घेतली होती. पाय चाकाच्या खालच्या कडेला अडकवायचे, मधला मोठा स्क्रू दांड्याच्या टोकावर टेकवून आवळायचा. स्क्रू दांड्याला खाली दाबतो आणि पाय चाकाला वर ओढतात. खूप आवळलं. चाक हललं नाही.

दुसऱ्या रविवारी चाक तापवायचं ठरलं. रेल्वेच्या चाकाची धाव, म्हणजे वरचं लोखंडी कडं, तापवूनच चढवतात आणि तापवूनच उतरवतात, हे त्यांना पाठ. त्यासाठी माझा पितळी स्टोव्ह गेला. दुपारपर्यंत घरात कुणाला जेवण नाही. सासूबाईंनी चिवडा खाल्ला आणि देवाला सांगितलं. चाक तापलं, तेल धुरकटलं, सगळ्या पडवीत जळका वास. चाक हललं नाही. शेजारची काकी भिंतीवरून म्हणाली, "भौजी, रोटी सेंक लेव ऊ पे."

तिसऱ्या वेळी तापवणं आणि खेचणं दोन्ही एकदम. खेचणी जितकी आवळता येईल तितकी आवळायची, चाक गरम असतानाच स्क्रूच्या डोक्यावर घणाचा एक घाव द्यायचा. त्या धक्क्यानं सुटतं. घाव कुणी द्यायचा हा प्रश्नच नव्हता. त्यांच्या उजव्या हातात घण राहत नव्हता आणि डाव्याचा नेम नव्हता. मी पदर खोचला.

ते डाव्या हातानं पान्याला ताण देत होते. उजवा हात खेचणीच्या पायावर ठेवला होता, पाय सरकू नये म्हणून. मी घण उचलला. तेवढ्यात खेचणीचा पाय थोडा सरकला आणि ते ओरडले, "खाली! खाली!"

मी घण खाली आणला. सगळ्या ताकदीनिशी.

कारखान्यात 'खाली' म्हणजे जागा खाली करा, बाजूला व्हा. काही निसटायला लागलं की सगळे असंच ओरडतात. ते हिंदीत ओरडले होते. मी घरात होते. मला 'खाली' म्हणजे खालीच ऐकू आलं; त्यांना काय म्हणायचं होतं ते घण पडल्यावर उमगलं.

बंदूक उडावी तसा आवाज झाला. चाक वर उसळलं आणि नटाला आपटून थांबलं. सासूबाई देवघरातून धावत आल्या. भिंतीवर काकीचं डोकं उगवलं. माझ्या हातांना झिणझिण्या. बघते तर यजमान बसल्या जागी, आणि उजवा हात अजून तिथेच, चाकाच्या कडेला, घणापासून वीतभरावर.

"लागलं का?"

"नाही."

"मग हात का नाही काढला? तुम्हीच ओरडलात ना बाजूला व्हा म्हणून?"

ते हाताकडे बघत होते. "काढत होतो," म्हणाले. "निघाला नाही."

सासूबाईंना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी चाकाला हळदकुंकू लावलं आणि शिरा करायला घेतला. स्टोव्ह मोकळा झाला होता.

संध्याकाळी त्यांच्या बेंचवरचा एक मित्र आला. इंजिनाभोवती फिरला, चाक उचलून बघितलं, दांड्याच्या टोकावरून बोट फिरवलं. खूश झाला. "वाह पंडितजी! एक खरोंच तक नहीं. किसने उतारा?"

यजमानांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनीही बघितलं. काकी भिंतीवर होतीच. सगळ्यांना वाटत होतं मी गप्प बसेन, किंवा म्हणेन, इन्होंने. गप्प बसले असते तरी तोच अर्थ निघाला असता.

"मैंने," मी म्हटलं.

मित्र हसला. त्याला थट्टा वाटली. "भाभीजी, सच बताइए."

"सच ही है. घन मैंने मारा. इनका हाथ तो वहीं रह गया था, निकला ही नहीं."

मग तो हसला नाही. शिरा खाऊन गेला.

त्यानंतर सासूबाईंनी मला धारेवर धरलं. "चार माणसांत नवऱ्याचं नाव मोठं करायचं सोडून! कोण विचारत होतं तुला?"

"पाहुण्यांनीच विचारलं. कुणी उतरवलं म्हणून."

काकी भिंतीवरून म्हणाली, "कै देतीं कै भैया ने उतारो. का बिगर जातो तुमाओ?"

"हमाओ कछू ना बिगरतो," मी म्हटलं. "इनको हाथ बिगर जातो. उते रोज मसीन पे हाथ रैहे, औ घन मारबे हम ना जेहें."

यजमान पडवीत बसून चाकाचे दाते फडक्यानं पुसत होते. ऐकत होते सगळं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तरी मी शब्द मागे घेतला नसता. ते म्हणाले, "आई, पुरे. ती बरोबर बोलली. चाक तिनं उतरवलं."

"तू म्हणाला होतास उतरलं तर बेंच."

"मी उतरवलं तर, असं म्हणालो होतो."

सासूबाई उठून आत गेल्या आणि बरेच दिवस माझ्याशी फक्त हिंदीत बोलल्या, जशी मी उंबऱ्याबाहेरची. तेवढा एकच काळ त्यांचा नियम नीट पाळला गेला.

गाडी पुढे चालू झाली. समथरला जाऊन आली, मामांनी डोळे पुसले, आणि परत येताना चढावर बंद पडली, ते वेगळ्याच कारणानं. पण ते नंतरचं.

चाक उतरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान कारखान्यात गेले. मी डबा दिला. दिवसभर पोळ्या करपल्या. संध्याकाळी आले. कपडे स्वच्छ होते. हातपाय धुतले, पाटावर बसले. मी वाढलं.

"कसं आहे?" मी विचारलं.

"काय कसं?"

"खिडकी."

त्यांनी घास घेतला, उजव्या हातानं, सावकाश. "बसायला स्टूल आहे," म्हणाले. "आणि भात दे अजून."