मनाच्या आजाराची पोथी

माझ्या थोरल्या मावशीइतकं मोठ्याने वाचणारं माणूस अख्ख्या वाशीत दुसरं नव्हतं. मनातल्या मनात वाचणं म्हणजे तिला चोरून खाण्यासारखं वाटे. भेळेचा कागद, कुकरची गॅरंटी, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, जे हाती येईल ते ती खड्या आवाजात वाचायची. एकदा बसमध्ये तिने शेजारच्या गृहस्थांच्या पेपरातली बातमी अशीच वाचायला घेतली. त्यांनी पान उलटलं, तर त्यांचा हात धरून म्हणाली, "थांबा, माझं व्हायचंय." शिक्षण सातवीपर्यंतच, पण अडलेला शब्द दोनदा वाचला की आपोआप कळतो, यावर तिची श्रद्धा होती. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मी तिच्याकडे राहून कॉलेजला जात होते, त्यामुळे माझा अभ्यासही तीच करायची म्हणा ना.

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, दोन तऱ्हांचे होते. चढत्या दिवसांत त्यांना झोप लागायची नाही आणि बोलणं थांबायचं नाही. एकदा त्यांनी बाल्कनीत मधमाश्या पाळायचं ठरवलं आणि पेट्या आणल्यासुद्धा. मग उतार लागला की भिंतीकडे तोंड करून पडायचे. दाढी नाही, अंघोळ नाही, ऑफिस नाही. नातेवाईक म्हणत, आळस आहे. सोसायटीतल्या बायका दृष्ट काढायला सांगत. त्या वर्षी ऑफिसने शेवटची ताकीद दिली आणि मावशी घाबरली. मनाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं की काका एवढंच म्हणत, "मी वेडा नाही." शेवटी ती एकटीच चेंबूरच्या एका डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी तिला मराठीतलं एक छोटंसं पुस्तक दिलं, चढ आणि उतार एकाच आजाराचे कसे असतात ते समजावणारं.

दुसरी कोणी असती तर तिने ते साड्यांच्या घडीखाली लपवलं असतं. मावशीने पाट मांडला, उदबत्ती लावली आणि रोज दुपारी एक प्रकरण, अशी त्याची पोथीच लावली. बायका आधी खरी पोथी समजून आल्या, मग खोबरं-साखरेसाठी येत राहिल्या. तळवलीची मासळीवाली टोपली जिन्यात ठेवून दाराशी टेकायची. आजारी माणूस झोपेविना हिंडतो, भारंभार खरेदी करतो, हे ऐकून सगळ्यांना मधमाश्या आठवल्या, पण हसलं कोणी नाही. मासळीवाली तेवढी हळूच म्हणाली, "माजे भावाचा पन आसाच हाय, बाय. आमी भगताकडं नेला." आतल्या खोलीचं दार मावशी मुद्दाम उघडं ठेवायची.

उदासीनतेचं प्रकरण लागलं त्या दिवशी तिने सुरात वाचलं, "या अवस्थेत रुग्णास अतिशय, अतिशय दुःख होते."

"दुःख नाही होत," आतून काका म्हणाले. कित्येक दिवसांत आम्ही त्यांचा आवाज ऐकला नव्हता. "दुःख झालं असतं तर रडलो असतो. काहीच होत नाही."

मावशीने शांतपणे माझ्याकडून पेन्सिल घेतली, ती ओळ खोडली आणि वर काकांचं वाक्य लिहिलं. "मग पुस्तकात चुकलंय," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगायला हवं. मला नाही जमायचं ते, तुम्हीच चला."

रुग्ण म्हणून पाऊल न उचलणारे काका पुस्तक दुरुस्त करायला म्हणून चेंबूरला गेले. डॉक्टर शहाणे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग गोळ्या लिहून दिल्या. काकांची नोकरी टिकली. चढउतार संपले नाहीत, पण पुष्कळ बुटके झाले. मासळीवालीने भावालाही तिथेच नेलं, आणि पुढे कितीतरी दिवस आमच्याकडून कोलंबीचे पैसे घेतले नाहीत.

काही वर्षांनी मावशी अचानक गेली. दिवसकार्य उरकलं आणि काका पुन्हा भिंतीकडे वळले. गोळ्या घेईनात, जेवेनात. मला काही सुचेना. मी ते पुस्तक काढलं, पाट मांडला, उदबत्ती लावली आणि त्यांच्या दाराशी बसून वाचू लागले. पेन्सिलीने लिहिलेल्या मावशीच्या अक्षरापाशी आले आणि माझा आवाजच फुटेना.

"मोठ्याने वाच," काका भिंतीकडे बघतच म्हणाले. "ती वाचायची तसं."

मी डोळे पुसले आणि अडलेला शब्द दोनदा वाचला.