मारुतीच्या गळ्यातली कळी

रुई दारात लावू नये, हे आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत मला झाडून सगळ्यांनी ऐकवलं. चीक डोळ्यांत जातो, अपशकुन होतो. तरी दोन हजार सालच्या सुमारास मी बांधावरचं रोप आणून कुंपणाशी लावलं. काळ्या कडांची ती केशरी फुलपाखरं रुईवरच अंडी घालतात, आणि मला ती अंगणात हवी होती.

रुई कमरेएवढी झाली आणि त्याच लोकांना अचानक मारुती आठवला. दर शनिवारी माळेसाठी पानं तोडायला पिशव्या घेऊन हजर! कोवळी पानं आधी जायची, अंडीही तिथंच. मी पाटी लावली, तर तिलाच पिशवी अडकवून पानं तोडली. नुसता संताप व्हायचा. सगळ्या पावसाळ्यात एकच अळी वाचली.

तिने पानाखाली कोश केला. हिरवट, पेराएवढा, सोनेरी ठिपक्यांचा. त्या शनिवारी मी उजाडल्यापासून कुंपणाशी खुर्ची टाकून बसले. तिघींना वाटेला लावलं. मग डोक्यावरून आंघोळीला गेले, त्यात तास गेला.

बाहेर आले तर रुई बोडकी. सासूबाई देवळातून परतत होत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

"आज पुजाऱ्याच्या हातून घरचीच माळ घातली गं. एका पानाला कळी व्हती, लय गोजिरी. मधोमध ववली."

मी ओल्या केसांनी देवळात गेले आणि मारुतीच्या गळ्यातली माळ काढली. बाईने मारुतीला हात लावला म्हणून पुजारी ओरडत राहिले. ओरडा म्हटलं.

माळ रुईच्या फांदीला टांगली. सासूबाईंशी मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी फुलपाखरू बाहेर आलं, पण कोश पानांत चेपला होता. एक पंख उघडलाच नाही. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या. सासूबाई डोळे बारीक करून एकेक मुंगी चिमटीने काढत बसल्या. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली.

पुढच्या शनिवारी पिशव्या आल्या, तेव्हा माझ्या खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या, काठी घेऊन.

"पानं नाय मिळायची," त्या म्हणाल्या. "मारुतीला सांगितलंय मी."

त्या दिवशी त्या देवळात रिकाम्या हातांनी गेल्या.