फुलीबाईचं टेबल

कारखान्यात तिला सगळे फुलीबाई म्हणत. शेकायच्या गरम पाण्याच्या रबरी पिशव्या तिथे बनत, आणि त्या तपासायचं काम तिचं. पिशवीत हवा भरायची, टाकीत बुडवून दाबायची आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं. एवढासा बुडबुडा आला की पिशवी पुसून गळ्याशी खडूने फुली मारायची नि लाल क्रेटमध्ये टाकायची. बारा महिने हात पाण्यात. नवरा चेष्टेनं म्हणायचा, हिचे हात हिच्याआधी म्हातारे झाले. तिला राग येत नसे. कुणाच्या तरी पाठीवर सांडायचं कढत पाणी आपल्या फुलीपाशी अडतं, एवढीच बाईची श्रीमंती. पण ती तिला पुरत होती.

मग कंपनीने तपासणीचं मशीन आणलं. आता आपली गच्छंती, असं तपासणीच्या टेबलावरच्या सगळ्या बायकांनी धरूनच टाकलं होतं. पण टेबल राहिलं. साहेबांना माणसाच्या डोळ्याची किंमत कळली, असं फुलीबाईला वाटलं. भोळी ती भोळीच.

एकदा खडू संपला म्हणून ती पॅकिंगच्या खोलीत मागायला गेली, तर पॅकर तिचाच लाल क्रेट पुढ्यात घेऊन बसलेला. ओल्या फडक्याने फुली पुसायची, पिशवी खोक्यात भरायची, असं निवांत चाललेलं. तिला बघून तो दचकलासुद्धा नाही. मशीन आल्यापासून हे असंच आहे, त्याने सांगितलं. मशीनने पास केलेला माल मागे काढायचा नाही, असा वरून हुकूम. बायकांचं टेबल ठेवलंय ते कारखाना बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. हत्तीचे दाखवायचे दात, दुसरं काय!

ती तडक मॅनेजरकडे गेली. साहेब वयाने तिच्या भाच्याएवढा आणि बोलायला गोड. त्याने बसायला खुर्ची दिली, थोडी गळती हिशेबात धरलेलीच असते हे समजावलं, पगार वेळेवर होतो ना तेही विचारलं. होत होता. नवऱ्याचं दुकान बसल्यापासून घर त्या पगारावरच उभं होतं.

"मग साहेब, आम्ही दिवसभर करतो काय?"

"करताय तेच करा. फार छान करताय," तो म्हणाला आणि त्याने फोन उचलला.

नवऱ्याने सल्ला दिला की पगार मिळतोय तोवर मूग गिळून बसावं. ती बसली. हात चालत राहिले, पण कामात जीव राहिला नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे कळल्यावर आंधळ्याने जातं तरी कशाला ओढावं? पण ओढायचं सोडलं तर घरात खायचं काय?

कंपनीच्या वर्धापनदिनाला मोठे साहेब आले, आपण सगळे एक कुटुंब आहोत म्हणाले आणि प्रत्येकाला भेट म्हणून एकेक पिशवी दिली. फुलीबाई घरी येऊन पाय धुते न धुते, तोवर सासूबाईंनी खोकं उघडून पिशवी भरलीही आणि कंबरेखाली घेतली. शेजारणीला ऐकवणंही सुरू झालं की आमच्या सुनेच्या हाताखालून गेल्याशिवाय एक पिशवी बाहेर पडत नाही.

थोड्या वेळाने सुनेने बघितलं तर अंथरूण ओलं. सासूबाईंच्या कंबरेवर तळहाताएवढं लाल झालं होतं. पिशवीच्या गळ्याशी, फडकं नीट न पोचलेल्या खाचेत, खडूची पांढरी रेघ होती.

"मीच बूच नीट लावलं नसेल गं," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. "तू तपासलेली पिशवी कशी गळेल?"

तिला खरं सांगायचं होतं. पण तिने गार पाण्याची घडी आणून ठेवली आणि चादर बदलली.

दुसऱ्या दिवशी तिने ती पिशवी कारखान्यात नेली. हवा भरून टाकीत धरली. बुडबुडा आला. तिने पिशवी पुसली, पहिल्यापेक्षा ठसठशीत फुली मारली आणि लाल क्रेटमध्ये टाकली. संध्याकाळी पॅकर क्रेट न्यायला आला. ती क्रेटची कड धरून उभी राहिली. तो थांबला. मग तिने हात काढला.