न प्यालेलं पाणी

मी सात वर्षांची असताना तापात माझे दोन्ही पाय गेले. तेव्हापासून तळहात जमिनीवर टेकायचे, अंग उचलायचं आणि पुढे सरकायचं, हेच माझं चालणं. अमरावतीच्या घरात आईनं मला कधी उचलून नेलं नाही. तिच्या मनात माया नव्हती असं नाही. आपल्यामागं हिचं कसं होईल, हाच तिला घोर होता. ती गेली आणि एकोणीसशे साठच्या सुमारास मी अकोल्याला भावाकडे राहायला आले. येताना शिवणाचं हातमशीन तेवढं सोबत आणलं. गल्लीतल्या बायकांची पोलकी मी शिवत असे.

तिसऱ्या उन्हाळ्यात उजवा खांदा दुखू लागला. आधी मशीनचं चाक फिरवताना, मग अंग उचलताना. पाय गेले तेव्हा मी लहान होते, काय गेलं ते नीट कळलंही नव्हतं. खांद्याच्या वेळी मात्र सगळं कळत होतं. हात थांबले तर कुणीतरी उचलल्याशिवाय मला जागचं हलता येणार नव्हतं. भाऊ दिवसभर कचेरीत. घरात वहिनी एकटी, आणि तिला सातवा महिना लागलेला.

म्हणून मी कुणाला काही बोलले नाही. संडास अंगणाच्या पार टोकाला होता. तिथवरच्या खेपा कमी करायच्या तर पाणीच कमी प्यायचं, असं मी ठरवलं. अकोल्याचा मे महिना, आणि मी दोन फुलपात्रं पाण्यावर दिवस काढत होते. वहिनी तांब्या भरून ठेवी. ती स्वयंपाकघरात गेली की मी तो खिडकीतून बाहेर ओतून देई.

एका दुपारी मशीनवरच भोवळ आली. डोळे उघडले तेव्हा वहिनी ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसत होती. खिडकीखालची ओली माती तिला चार दिवसांपासून दिसत होती. नणंदेला विचारायचं कसं, म्हणून ती गप्प होती.

“बाई, तुमी पानी काहून पीत नाई?” तिनं विचारलं.

मी खांद्याचं सांगून टाकलं. म्हटलं, “मले उचलाचं काम तुह्यावर आलं असतं. असं पोट घेऊन तू काय उचलशील?”

“नसतंच उचललं. दुसरं काई केलं असतं. पन मले मालूम त पायजे ना.” ती चिडली नव्हती; पण हातातलं फडकं तिनं उगाच दोनदा पिळलं.

दुसऱ्या दिवशी भावानं टांग्यातून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खांदा दाबून पाहिला आणि सहा आठवडे हातावर अजिबात भार द्यायचा नाही, असं बजावलं. मग मी घरात फिरू कशी, असं मी विचारलं. त्यांनी माझे तळहात उलटून पाहिले, त्यावरचे घट्टे पाहिले, आणि याला आपल्याकडे औषध नाही असं सरळ सांगितलं.

भावानं सुताराकडून चार चाकांची ठेंगणी फळी करून आणली. वहिनीनं उंबरठ्यांच्या दोन्ही बाजूंना ओली माती थापून उतार केले; नको म्हटलं तरी ऐकेना. अंगणातून फळी ढकलायला शेजारची बाई दोन वेळा येई. पहिले काही दिवस मी लाजेनं मान खाली घालून बसे. ती मात्र आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत संडासाच्या दारापर्यंत नेई आणि तोंड फिरवून उभी राही.

महिन्याभरात उजवा खांदा जरा हलका झाला आणि डावा ठणकू लागला. या वेळी मी त्याच दिवशी वहिनीला सांगितलं. भिंतीला धरून ती उठली आणि शेकायला मिठाची पुरचुंडी तव्यावर ठेवली.

पुढे दोन्ही खांदे कधीच पुरते बरे झाले नाहीत. शिवण निम्म्यावर आणली. वहिनीला मुलगी झाली. तिला खाली वाकून उचलणं मला जमत नसे, कुणालातरी माझ्या मांडीवर आणून द्यावी लागे. बराच वेळ कुणी आणली नाही, तर मी हाक मारून मागत असे.