दाजींची कसोटी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत घरी मेथी निवडत होते. ताई एवढंच म्हणाली, "सुटले गं." वाट त्याचीच पाहत होतो, तरी मेथी तशीच पडून राहिली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, विट्याचे. उमेदीची वर्षं कोइमतूरला सोनं गाळण्यात गेली. माणूस भारी संशयी. लग्नात आमच्या आईने घातलेली अंगठीसुद्धा त्यांनी गुपचूप कसोटीच्या दगडावर घासून पाहिली होती, त्यावरून मी त्यांना जन्मभर चिडवलं. ते हसून म्हणायचे, दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं.

जिभेच्या कडेला गाठ निघाली तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, लवकर सापडलीय, ऑपरेशन करा, बरं व्हायची चांगली आशा आहे. तेवढ्यात कुणीतरी म्हसवडकडच्या एका वैद्याचं नाव काढलं. त्याच्या सुवर्णभस्माने म्हणे गाठ विरघळते, चिरफाड नको. दाजींनी पुड्या आणल्या, पण लगेच खाल्ल्या नाहीत. सोनं वितळवायच्या मुशीत घालून गाळल्या. तळाशी मोहरीएवढा मणी उरला, तो दगडावर घासला... अस्सल निघाला.

मी संतापले. "आवं दाजी, सोनं खरं असंल. पण त्यानं गाठ गेलेला एक तरी माणूस बघितला का तुमी?"

"जो सोन्यात खोटं बोलला न्हाई, तो औषधात कशाला बोलंल?"

ऑपरेशन राहिलं. गाठ गळ्यात उतरली. पुन्हा मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आता ऑपरेशनची वेळ गेली म्हणून सांगितलं. घास उतरेना म्हणून ताईने वाटीभर ताक पाजलं होतं, तर वैद्याने फोनवर पथ्य मोडल्याचं खापर तिच्यावरच फोडलं. त्या माणसाचा मला राग येतो, आणि खरं सांगते, दाजींचाही येतो. शेवटी त्यांना बोलताही येत नव्हतं, मग भांडणार कुणाशी?

परवा ताईकडे गेले. काळा दगड खिडकीत होता, मण्याची बारीक रेघ अजून त्यावर आहे. ताई त्याच्याकडे बघत म्हणाली, "सोनं तर खरं होतं गं... मग माझ्या ताकानंच घात केला असंल न्हवं?"

मी दगड उचलून पदराने ती रेघ खसाखसा घासली. जाईना.